तुला पाय म्हणजे नवरा

तुम्ही गेलात त्या सकाळी तुमच्या पायांना पहिला हात तिने लावला. मी नाही.

माझा हात तिथेच होता, पावलांपासून चार बोटांवर. तुम्हाला खाली चटईवर घेतलं होतं. गॅलरीत चाळ दाटली होती, माझ्या खानावळीत जेवणारे मेंबर गिरणीची पहिली पाळी बुडवून जिन्यात उभे होते. शेजारची अनसूया माझ्या कानाशी म्हणाली, "पायां पड गो, मग घेवन जातले तेंका." मी हात पुढे केला आणि मागे घेतला. लग्न झाल्यापासून तुम्ही मला पायाला हात लावू दिला नव्हतात. आता तुम्हाला पाय ओढून घेता येत नाहीत म्हणून मी डाव साधायचा, हे मला पटेना.

तेवढ्यात जिन्यावर कुजबुज झाली, माणसं बाजूला सरकली आणि ती आत आली. माझगावची चिनीण. तुमच्या दातवाल्याची बहीण. कुणाला काही न विचारता ती तुमच्या पायथ्याशी बसली, चादर वर सारली, तुमची सुजलेली पावलं मांडीवर घेतली आणि अंगठ्याच्या वरच्या खळगीत आपला अंगठा दाबून धरला. रोज धरायची तसाच. तुम्हाला अजून झोप लागायची बाकी आहे अशा बेताने ती बसली होती.

मला खरं म्हणजे रडू यायला हवं होतं. मला आला राग. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती काय असते ते मला त्या दिवशी कळलं. आणि तळपायसुद्धा माझे नव्हते, तुमचे होते.

शेवटी मी पाया पडलेच नाही. अनसूया अजून सगळ्यांना सांगते, बाईचं मन दगडाचं. सांगू दे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, शाबास. पण तुम्ही शाबास म्हणाला असतात म्हणून माझा जळफळाट कमी होत नाही. तो तुम्हाला ऐकवायचाय, म्हणून हे लिहायला घेतलंय. अक्षरं तुम्हीच गिरवून घेतलीत माझ्याकडून, कणकेच्या हातांनी. तेव्हा आता वाचायचा कंटाळा करू नका.

आपलं भांडण लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं आहे. मी रीतीप्रमाणे वाकले, तर तुम्ही पाय असे झटकन मागे घेतलेत की गुडघा कपाटावर आपटला. गुडघा चोळत म्हणालात, "माणसान माणसाच्या पायाक हात लावूचो नाय." मला वाटलं, याला वेड तरी आहे किंवा मी तरी आवडलेली नाही. पुढे कळलं, परळच्या अभ्यासमंडळात जाऊन तुम्ही हे असलं बरंच काही शिकून आला होतात. बायकोने उष्टं खायचं नाही, नवऱ्याला नावाने हाक मारायची. नावाने हाक मला कधी जमली नाही. उष्टं सोडलं. पण गिरणीत कापडाच्या साच्यावर दिवसभर उभे राहून तुम्ही घरी यायचात, पोटऱ्यांच्या गाठी व्हायच्या, आणि चाळीतली प्रत्येक बाई आपल्या माणसाचे पाय चेपत असताना मी आपली हातावर हात ठेवून बसायची. बायका नवऱ्याकडे दागिने मागतात. मला तेवढी एक गोष्ट करायची होती.

मग तुम्हाला कावीळ झाली. ती उतरली असं आपण समजलो, पण ती आत जाऊन बसली. मोठ्या इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, लिव्हर आक्रसलंय. त्या दिवसापासून आपल्या घरात हा शब्द राहायला आला. लिव्हर. कुणी चाळीतलं भेटलं की पहिला प्रश्न, "प्यायचे का हो?" तुम्ही ताडीला कधी शिवला नाहीत, चहासुद्धा अर्धा कप. मी सांगून सांगून दमले. लोक हो म्हणायचे आणि डोळ्यांनी नाही म्हणायचे. गिरणीने साच्यावरून काढून तुम्हाला कापडाच्या घड्या घालायला फोल्डिंग खात्यात बसवलं, तिथे तुम्ही दिवसा पेंगायचात. आणि रात्र आली की टक्क जागे. डॉक्टर म्हणाला, या दुखण्यात असंच होतं, दिवसरात्र उलटी होते, झोपेच्या गोळ्या द्यायची सोय नाही, त्या याच लिव्हरला सोसवत नाहीत.

तुम्ही मात्र कारण वेगळंच सांगायचात. "मुंबई मिळाली की झोपेन."

ते दिवसच तसे होते. लालबागच्या नाक्यावर सभा, शिवाजी पार्कावर सभा, गल्लीत पोवाडे, भिंतीभिंतीवर संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. गोळीबार झाला तेव्हा तर तुम्ही अन्न टाकलंत. डॉक्टर सांगतोय आराम करा, आणि तुम्ही खांद्यावर पंचा टाकून सभेला. मी दारात उभी राहायची. "तुमी खंय चललात?" तर "ह्यो इलंय" म्हणून जायचात, ते घसा बसवून परत यायचात. अनसूया म्हणायची, तुझी सवत ही मुंबई. मी हसायची. आपल्याला मूलबाळ नाही, म्हणजे तुमच्यावर हक्क सांगणारी मी एकटीच असायला हवी होते. पण गिरणी होती, चळवळ होती, मग दुखणं आलं. माझ्या वाट्याला काय यायचं, तर जेवणाचं ताट आणि तुमची पाठ.

मी काय काय करून पाहिलं. आईने गावाहून जायफळ पाठवलं, उगाळून दुधातून द्यायला. तुम्ही वास घेतलात आणि म्हणालात, "जायफळ श्रीखंडात बरं." वाटी तशीच. मग मी प्रभादेवीच्या गणपतीला बोलले, यांना झोप लागू दे, दर मंगळवारी अनवाणी येईन. तुम्ही देव मानत नव्हतात, पण मला अडवलं नाहीत. फक्त माझ्या पायांकडे बघितलंत. खानावळीच्या ओल्या फरशीवर उभं राहून राहून माझ्या टाचांना भेगा पडल्या होत्या, पावसाळ्यात रक्त यायचं. "अशान चलतलंस?" एवढंच म्हणालात.

आणि याच सुमारास ती आली.

आली कशी, तर हिरड्यांतून. तुमच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. माझगावात चिनी दातवाला स्वस्तात दात काढतो असं गोदीतल्या कुणीतरी सांगितलं आणि तुम्ही फोल्डिंग खात्यातून लवकर सुटून तिकडे गेलात. त्याने तुमचा जबडा उघडला, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या आणि दात काढायला साफ नकार दिला. तुमचं दुखणं दाताचं नाही म्हणाला. झोप लागते का विचारलं. तुम्ही नाही म्हणालात, तर पडद्यामागे बोट दाखवलं. पडद्यामागे बहीण. हे तुम्हीच मला सांगितलंत, जेवताना, हसत. मीही हसले. चिनी बाई पाय दाबून झोप आणते, हे मला त्या वेळी गमतीचं वाटलं. म्हणजे मला वाटलं, एकदा गेलात, संपलं.

दुसऱ्या आठवड्यात तुमच्या सदऱ्याला दवण्याचा वास आला.

दवणा मी ओळखते. चैत्रात देवाला वाहतो तो. पण चैत्र कुठला, मार्गशीर्ष चालला होता. सदरा धुवायला घेतला आणि तशीच नाकाला लावून उभी राहिले. धुरकट, कडवट, आणि खाली दवणा. विचारलं तर तुम्ही म्हणालात, सुका पाला वळून त्याची विडीएवढी जाड कांडी करते, ती पेटवून पायाजवळ धरते, ऊब लागते, बरं वाटतं. बरं वाटतं. माझ्या घरात तुम्ही हा शब्द कधी वापरला होता ते मला आठवेना.

मग खोबरेलाची बाटली लवकर संपायला लागली. अर्ध्या महिन्यात तळ दिसायचा. तुमच्या डोक्यावर केस ते किती. मी म्हटलं, "एवढं तेल चोपडून कुणासाठी नटताय?" तुम्ही काही बोलला नाहीत. ते न बोलणं मी कालपर्यंत मनात ठेवून होते.

शेवटी एका दुपारी मेंबरांची भांडी अनसूयेवर टाकली आणि ट्रामने भायखळ्याला उतरून विचारत विचारत गेले. दुकानाच्या पाटीवर रंगवलेले हे मोठे दात. दातवाला कुणाचा तरी दात घासत होता, त्याने मला पडद्याकडे जाऊ दिलं. मी पडदा बाजूला केला.

तुम्ही झोपला होतात. बाकावर, उताणे, तोंड उघडं, आणि घोरत होतात. तुमचं घोरणं मी विसरून गेले होते. पाय तिच्या मांडीवर. ती खाली स्टुलावर, डोळे मिटून, दोन्ही अंगठे तुमच्या पावलांवर. बाजूला गरम पाण्याची लाकडी बादली, आल्याचे तुकडे तरंगताहेत.

ती कशी असेल याची मी वाटेत किती रूपं केली होती. आणि बघते तर रुंद हाडाची, माझ्याहून थोराड, कानापर्यंत कापलेले करडे केस, ढगळ निळी विजार. मला आणखीच राग आला. दिसायला बरी असती तर म्हटलं असतं, पुरुषाची जात. पण ही नुसती हात होती. आणि हात मलाही होते.

तिने डोळे उघडले. मी कोण ते तिने विचारलं नाही. आपल्या मोडक्या हिंदीत हळूच म्हणाली, "इसका कलेजा में कोई रहता. रात को वो बाहर फिरने जाता. वापस घर नहीं आता. तो नींद कैसा आएगा?"

मी म्हटलं, "कौन?"

ती हसली आणि पुन्हा डोळे मिटले.

मी तुम्हाला उठवलं नाही. एवढं लागलेलं घोरणं कोण मोडणार. तशीच घरी आले, आणि भाताला आधण ठेवायचं विसरले. काळजात कोणी राहते. रात्री फिरायला जाते. परक्या चिनी बाईला हे तुमचे पाय दाबून कळलं, आणि मी खुळी, तुमच्याशेजारी झोपून मला पत्ता नाही.

तुम्ही आलात तेव्हा मी भांडायला सुरुवात पायांपासून केली, कारण काळजाचं विचारायची हिंमत नव्हती. "माणसान माणसाच्या पायाक हात लावूचो नाय ना? मग ती कोण? माणूस नाय?"

तुम्ही चप्पल काढत होतात. तसेच वाकलेले थांबलात. म्हणालात, "ती वैद्य. वैद्याक पाय म्हणजे पाय. तुका पाय म्हणजे नवरो."

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून नव्हतं सुचलं, कालपर्यंत. मी म्हटलं, "आणि तुमच्या काळजात कोण आसा, ता तिका बरा कळता?"

तुम्ही दचकला नाहीत. गांभीर्याने विचार केलात आणि म्हणालात, "मुंबई."

एवढं चिडलेली असूनही मला हसू फुटलं. तिथे भांडण अर्धवट सुटलं. पण मला तुमचं उत्तर पटलेलं नव्हतं. मुंबई काय रात्री फिरायला जाते? मुंबई रात्रीही इथेच असते, भोंगे वाजवत. मी ओळखीच्या एकेका बाईला मनात त्या जागी बसवून बघितलं. पोवाड्याच्या पथकातली ती उंच आवाजाची, सभेला पहिल्या रांगेत बसणारी ती शाळेतली बाई. कोणीच नीट बसेना. मग मी चिनिणीलाच बसवलं. ती छान बसली.

तुम्ही जात राहिलात. मी जाऊ दिलं, कारण तुम्ही दुपारची ती घटकाभर झोप घेऊन यायचात तेव्हा तुमचा चेहरा माणसासारखा दिसायचा. तिच्यावर मी एकदाच मात केली. तिने बाटलीत काढा दिला होता. काय आहे विचारलं, तर आंबट बोरांच्या आतल्या बिया, भाजून कुटून उकळलेल्या. बोराच्या बिया! आम्ही लहानपणी त्या लांब कोण थुंकतो याच्या पैजा लावायचो. माझ्या आईचं जायफळ श्रीखंडात बरं, आणि तिच्या बोराच्या बिया तुम्ही डोळे मिटून प्यायला निघालात. मी बाटली उचलली आणि तडक इस्पितळात डॉक्टरपुढे ठेवली. तो म्हणाला, पाय दाबू द्या, गरम पाण्यात ठेवू द्या, ऊब घेऊ द्या, त्याने झोप येत असेल तर चांगलंच आहे. पण पोटात जाईल ते सगळं याच लिव्हरमधून जाणार, ओळखीचं नाही ते देऊ नका. मी विजयी मुद्रेने बाटली तुमच्या हाती दिली. तुम्ही ती तिला परत नेऊन दिलीत आणि घरी येऊन मला सांगितलंत, ती राग न मानता हो म्हणाली. ती म्हणे असंही म्हणाली, मी दुखणं बरं करत नाही, थोडी झोप देते. एवढं साधं बोलून तिने माझी जीत खाऊन टाकली.

तिचंच म्हणणं होतं, राग लिव्हरमध्ये बसतो. तुम्ही मला ते मोठ्या कौतुकाने सांगितलंत. मी म्हटलं, हे सांगायला चीनहून कशाला यायला हवं, आमच्यात पित्त खवळतंच की. तुम्ही म्हणालात, "तुझा बरा खवळता." बरोबर आहे. खवळतंच.

एक गोष्ट मात्र त्या दिवसांत चांगली झाली. माझ्या टाचा भरून आल्या. मंगळवारी अनवाणी प्रभादेवीपर्यंत चालून भेगा वाढायच्या, तर त्या बुजल्या. पाय लोण्यासारखे मऊ. मी अख्ख्या चाळीला सांगितलं, हा गणपतीचा प्रसाद. बायका येऊन माझ्या टाचा बघून गेल्या. तुम्ही कोपऱ्यात पेपर तोंडासमोर धरून बसला होतात, आणि पेपर हलत होता. मी म्हटलं, हसा, देवाला हसा. आणि झोप तर मला अशी लागायची की पहिल्या पाळीचा भोंगा ऐकू येईना. मलाच लाज वाटायची. नवरा जागा, आणि बायको मेल्यासारखी पडलेली. तुम्हाला झोप लागू दे म्हणून नवस बोलले, आणि देवाने पत्ता चुकवला, असं मी गणपतीलाच एकदा सुनावलं.

मग तुमच्या पोटात पाणी झालं, पाय सुजले. शेवटी शेवटी कधी कुठला दिवस तेही चुकायचं तुमचं. शेवटचं तिच्याकडून आलात ते टॅक्सीने, अनवाणी. चपलेत पाय जाईनात म्हणून त्या तिथेच राहिल्या. पेपरात येत होतं की राज्य आता होणार, मुंबईसकट होणार. मी मोठ्याने वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "मगे झोपूक हरकत नाय." मला वाटलं, विनोद करताय.

काल मी त्या चपला आणायला गेले.

खरं सांगते, चपला हे निमित्त. मला विचारायचं होतं. तुम्ही गेलात, आता निदान मला कळू दे, मी कुणावर जळायचं. दुकान रिकामं होतं. सरहद्दीवरून चीनच्या बातम्या येतात तशी गिऱ्हाइकं कमी झालीत, दातवाला म्हणाला. ती पडद्यामागून चपला घेऊन आली. पुसून, कागदात बांधून ठेवल्या होत्या. मी त्या घेतल्या नाहीत. म्हटलं, "आप बोला था, उसके कलेजे में कोई रहता है. कौन?"

तिला कळेना. मी छातीवर हात ठेवला. डावीकडे. "इधर. काळजात. कौन औरत?"

ती माझ्या हाताकडे बघत राहिली आणि भावाशी चिनीत बोलली. दातवाला आधी थक्क झाला, मग तोंडावर हात ठेवून म्हणाला, "बाई, तिकडे नाय. इकडे." आणि माझ्या नव्हे, स्वतःच्या उजव्या बरगडीखाली बोट खुपसलं. "कलेजा म्हणजे कलेजी. मटनवाल्याकडची कलेजी. लिव्हर."

दर रविवारी मी मेंबरांना कलेजीचं सुकं करून घालते. साफ मी करते, मसाला मी वाटते. आणि मला कळू नये. तुम्ही लिव्हर म्हणायचात, डॉक्टर लिव्हर म्हणायचा, पेपरवाले यकृत म्हणतात, आणि काळीज म्हटलं की मी आपली डावीकडे हात नेणार.

"मग तिथे राहतो तो कोण?"

दातवाला म्हणाला, त्यांच्यात मानतात, माणसाचा एक जीव दिवसा डोळ्यांतून बाहेर बघतो आणि रात्री लिव्हरमध्ये येऊन झोपतो. लिव्हर खराब झालं की त्याला घरात बरं वाटत नाही. तो बाहेर फिरतो. मग माणूस जागा. "म्हणजे तोच, बाई. तुझा नवरा. दुसरा कोण?"

इतके दिवस मी तुमच्यावरच जळत होते. तुमच्या काळजात तुम्हीच होतात. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. आणि वाटलं काय, तर म्हणजे मीही नव्हते तिथे. मुंबई नव्हती, ती नव्हती, पण मीही नव्हते.

मी चपला उचलून निघाले. ती म्हणाली, "बैठ."

मी बसले नाही, तिने बसवलं. खाली बसून माझा पाय मांडीवर घेतला. मी ओढायला गेले. हुबेहूब तुमच्यासारखी. तिने सोडला नाही. टाचेवरून हात फिरवला, मग पाटा पडून वाकडी झालेली माझी करंगळी चाचपली आणि हसली. "ये पैर मैं पहचानती."

मी म्हटलं, मी कधी आले नाही तुमच्याकडे, पाय दाखवायला.

"वो बोला था. टेढ़ा उँगली, फटा एड़ी." मग तुकड्यातुकड्यांनी तिने सांगितलं. कुठे दाबायचं, किती दाबायचं, झोपलेलं माणूस जागं न होता कसं दाबायचं, हे तुम्ही तिच्याकडून शिकून घेत होतात. तुमच्यासाठी नाही. "वो बोलता, घरवाली दिन भर खड़ी रहती. जागती तो पैर नहीं देती. सोती तो कुछ नहीं बोलती. मेरे को नींद नहीं, टाइम बहुत है." टाचांना काय लावू असं विचारलंत, तर ती म्हणाली होती, घरात असेल ते तेल, गरम करून.

खोबरेल. ती बाटली. चादरीच्या पायथ्याला पडणारे ते डाग, ज्यांच्यावरून मी दुकानदाराशी भांडले होते की बूच सैल देतोस. आणि पेपरामागे तुम्ही हसत होतात ते देवाला नव्हतात हसत.

मी तिला विचारलं, "सीखा कैसे? किसके पैर पे?"

तिने आपली स्वतःची पावलं पुढे केली. रुंद, फताडी, स्वच्छ.

बघा, तुम्ही जाऊनसुद्धा मला सुखाने रडू देत नाही. शिकायला तिचे पाय. तुमचे हात तिच्या पायांना जागेपणी लागले, तिने सांगितलं असेल इथे जोरात, इथे हळू, तुम्ही विचारलं असेल बरं वाटतं का, आणि ती हो म्हणाली असेल. माझ्या वाट्याचं ते सगळं तिला मिळालं. आणि मला जे मिळालं ते मला माहीतच नाही. मी घोरत होते.

घरी आले ती तुमच्यावर संतापून. ही कुठली समता हो तुमची? मी हात लावला तर पाप, आणि तुम्ही अंधारात चोरासारखे पायथ्याशी जाऊन बसणार? मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाहीत. मग मीही तुम्हाला न विचारता चेपले असते. पण तुम्ही झोपायचातच कुठे? तो डाव तुम्हाला खेळता आला, मला नाही. मरणात झोपलात तेव्हा संधी आली होती, तर मी तुमचं तत्त्व सांभाळत बसले, आणि पाय गेले चिनिणीच्या मांडीवर.

तिचा राग मी सोडलेला नाही. पण निघताना तिच्या पाया पडले. तिने पाय मागे घेतले नाहीत. तिच्या देशात त्याचा काय अर्थ होतो, मला ठाऊक नाही. कागदात बांधलेल्या चपला आता दाराशी आहेत, तुम्ही ठेवायचात तिथे. मेंबर बाजूने चालतात.

आता मला झोप येत नाही. कुठे दाबायचं ते तिने काल दाखवलंय, तेल आहे, टाचांना पुन्हा बारीक चिरा दिसू लागल्यात. पण आपला पाय आपणच दाबून झोप लागत नाही. तुमच्याशेजारी पडून असायची ती बाई, करंगळी वाकडी, तोंड उघडं, भोंगा न ऐकणारी, तिच्यावर मी आता जळते. मुंबईवर, चिनिणीवर कधी जळले नाही इतकी. तुमचे हात तिला मिळाले, आणि मेली मला सांगायला एकदाही जागी झाली नाही.

आणि तुमच्या त्या बोलण्याला उत्तर सापडलंय. वैद्याला पाय म्हणजे पाय, तुला पाय म्हणजे नवरा. बरं. तुम्ही काही वैद्य नव्हतात. मग माझे पाय तुम्हाला कोण होते?